खिंडीतले दगड

येरमाळ्याच्या पलीकडं बालाघाटाच्या डोंगरात धावडमाळ नावाची वस्ती होती. तिथून खालच्या डेपोपर्यंत लाकडं वाहायची एक चिमुकली रेल्वे होती. निजामाच्या राज्यात कुणा कंत्राटदारानं ती टाकलेली. इंजिन एवढं बुटकं, की उंच माणसाला आत वाकून उभं राहावं लागे. मागं धावड्याचे आणि सागाचे ओंडके लादलेले उघडे डबे. चढताना डबे रिकामे असत, उतरताना भरलेले. उतारावर लाकडांचा भार इंजिनाला मागून रेटायचा, म्हणून शेवटच्या डब्यावर एक माणूस ब्रेकला बसवलेला असे. ड्रायव्हर होता खाजाभाई आणि ब्रेकवर हरिबा. पुढच्यानं शिट्टी द्यायची, मागच्यानं चाक आवळायचं. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नसत, पण कधी चूक झाली नाही.

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत खालच्या गावांत भलतंसलतं व्हायला लागलं, तेव्हा हरिबानं खाजाभाईला आणि त्याच्या बायकोला, अन्वरीला, कोळशाच्या भट्टीमागच्या खोपीत ठेवून घेतलं. बाहेर सगळं शांत होईपर्यंत हरिबाची बायको धुरपदाबाई सरपणाच्या मोळीत भाकरी बांधून न्यायची. त्याबद्दल पुढं कुणी बोललं नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

पुढं जंगल विरळ झालं. राज्य बदललं, तोड बंद झाली आणि गाडी थांबली. इंजिनावर बोरीची काटवण चढली. खाजाभाई बार्शीला एका जिनिंगच्या बॉयलरवर लागला. हरिबानं शेळ्या घेतल्या. धावडमाळच्या वरच्या अंगाला मोठं सपाट गवताळ रान होतं, त्याला सगळे नुसता माळ म्हणत. वस्तीची सगळी जनावरं तिथंच चरायची.

जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या दोनेक वर्षांनी आण्णासाहेब नावाच्या वकिलांनी एक संस्था काढली आणि ती बंद पडलेली गाडी सरकारकडून चालवायला घेतली. आता लाकडं न्यायची नव्हती, माणसं न्यायची होती. लाकडांच्या डब्यांवर बाकं ठोकली, वर ताडपत्रीचं छप्पर घातलं, बाजूला हिरवा रंग दिला. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या दर्शनाला येणारे लोक, बार्शी-सोलापूरची शिकलेली कुटुंबं, शाळांच्या सहली यांना डोंगर, झाडी, ओढ्यावरचा धबधबा दाखवून परत आणायचं, असा बेत होता. खाजाभाईला बार्शीहून बोलावून घेतलं, तो आणि अन्वरी डेपोजवळ राहू लागले. उतारावर आता ओंडके नव्हते. इंजिनाचाच ब्रेक पुरेल, असं संस्थेचं मत पडलं, म्हणून हरिबाला कुणी बोलावलं नाही.

वस्तीला हे सगळं पहिल्यापासूनच पटलं नाही. झाडं बघायला कोण पैसे देऊन येतं? झाडं काय त्यांच्याकडं नाहीत? खाली उतरून तोडायची नाहीत, फळ घ्यायचं नाही, कंद खणायचा नाही, नुसतं बघायचं आणि जायचं, हे कुणाच्या डोक्यात बसेना. कुणी म्हणालं, डोंगरात काहीतरी सापडलंय आणि सरकार ते झाकून काढायला बघतंय. एकदा कॉलेजचा एक मास्तर दगडाचे तुकडे पिशवीत भरताना दिसला, त्यानं ही गोष्ट पक्की झाली. दुसऱ्या खेपेला एका बाईनं दुर्बीण लावून वस्तीकडं बघितलं. घरं मोजायलेत, उठवायचा विचार दिसतोय, असं त्या दिवशी प्रत्येक चुलीपाशी बोललं गेलं.

आणि मग माळाला तार आली. खांब रोवले, काटेरी तार ओढली, आत जनावर सोडायचं नाही असं सांगितलं. पावसाळ्यानंतर माळावर सोनकी फुलते आणि अख्खं रान पिवळं होतं. प्रवाशांनी तिथं उतरावं, सतरंज्या टाकाव्यात, डबे सोडावेत, अशी आण्णासाहेबांची कल्पना होती. जंगल खात्याचा शिपाई महांतप्पा तारेजवळ काठी घेऊन उभा राहू लागला. तो वस्तीला सांगायचा, मी हुकमाचा माणूस आहे, माझ्यावर राग धरू नका.

त्या आठवड्यात खाजाभाई गाडी घेऊन वर आला, तेव्हा हरिबा रुळाजवळ उभा होता. खाजाभाईनं नेहमीसारखी बिडी पुढं केली. हरिबानं ती घेतली नाही.

"तारेचं तुला ठावं होतं?" त्यानं विचारलं.

खाजाभाईला ठाऊक नव्हतं. तो तसं म्हणाला. हरिबानं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. तो शेळ्या घेऊन खिंडीच्या वरच्या बाजूला चढून गेला.

माळाच्या अलीकडं रूळ एका खिंडीतून जात. दोन्ही बाजूंना उभा कातळ, मधून जेमतेम गाडीपुरती वाट, आणि मधेच एक वळण. दिवाळी झाली आणि त्या वळणावर दगड सापडू लागले. पहिला दगड रुळांच्या मधोमध होता, नारळाएवढा. खाजाभाईनं गाडी थांबवून तो बाजूला टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही. नंतरच्या दिवशी दोन दगड. मग एकदा दुपारच्या फेरीला एक चपटा दगड थेट रुळावर होता. खाजाभाईनं ब्रेक आवळला, तरी पुढचं चाक त्यावर चढलं आणि बाकांवरची माणसं एकमेकांवर आदळली. बार्शीच्या एका म्हातारीच्या कपाळाला खोक पडली. पोरं रडली. खाली डेपोत आल्यावर लोक आण्णासाहेबांशी तावातावानं बोलत होते आणि खाजाभाई इंजिनाजवळ हात पुसत उभा होता.

हात काळे नव्हते, तरी तो पुसत होता. त्याला भीती वाटत होती ती स्वतःबद्दल. नव्या राज्यात दहा वर्षं झाली होती, पण काही बिघडलं की लोकांची नजर आधी कुणाकडं वळते, हे त्याला ठाऊक होतं. गाडी त्याच्या हातात होती. आदल्या महिन्यात कुणीतरी आण्णासाहेबांना म्हणालंही होतं, की माणूस दुसरा बघा, हा त्यांच्यातला आहे. आण्णासाहेबांनी ते उडवून लावलं, पण खाजाभाईच्या कानावर ते आलं होतं.

आण्णासाहेबांनी त्याला ऑफिसच्या खोलीत बोलावलं. फौजदार तिथं बसलेला होता, महांतप्पा दाराशी. महांतप्पाचं म्हणणं होतं, की खिंडीचा कातळ एकसंध आहे, इतक्या वर्षांत तिथून खडा सुटला नाही. म्हणजे दगड कुणीतरी आणून ठेवतंय. सकाळची फेरी गेल्यावर आणि दुपारची यायच्या आत ठेवतंय. ज्याला गाडीच्या वेळा माहीत आहेत असाच कुणीतरी.

"खाजाभाई, तुम्ही रोज वर जाता," आण्णासाहेब म्हणाले. "खिंडीपाशी कुणी दिसतं का?"

फौजदारानं त्याच्याकडं बघितलं. ती नजर फार वेळ त्याच्यावर राहिली, आणि मग खाजाभाई म्हणाला, "परवा हरिबा वर दिसलता. शेळ्या घेऊन."

हे खरंच होतं. त्यानं काही वाढवून सांगितलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर फौजदारानं महांतप्पाकडं बघून मान हलवली आणि खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल झाले. खाजाभाईचेसुद्धा झाले. ते त्याला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

हरिबाला दुसऱ्याच दिवशी उचललं. येरमाळ्याच्या चौकीत त्यानं एवढंच सांगितलं, की दगडाचं त्याला काही माहीत नाही. त्यावर फौजदारानं विचारलं, की तारेवरून तू वस्तीत आरडाओरडा केला होतास की नाही. हरिबा म्हणाला, केला होता. मग त्याला उस्मानाबादला नेलं.

अन्वरीला हे त्याच दिवशी कळलं. खाजाभाईनं जेवायला पान मागितलं, तिनं वाढलं आणि ती आत जाऊन बसली. त्यानं समजावून सांगितलं, की मी त्याच्यावर आळ घेतला नाही, दिसला एवढंच बोललो. ती म्हणाली, धुरपदाबाईच्या भाकरीवर मी जगले आहे, आता मी कुठल्या तोंडानं वर जाऊ. खाजाभाईला राग आला. हरिबानं ठेवलेच असतील दगड, असं तो चढ्या आवाजात म्हणाला. म्हणता म्हणता ते त्याला खरंही वाटू लागलं. हरिबानं बिडी घेतली नव्हती. तारेबद्दल विचारताना त्याचा चेहरा कसा होता! ब्रेकवर इतकी वर्षं बसलेल्या माणसाला कुठं दगड ठेवला म्हणजे गाडी हादरेल पण उलटणार नाही, हे बरोबर कळणार.

त्यानंतर खिंडीत एकही दगड पडला नाही.

आठ-दहा दिवस रूळ स्वच्छ राहिले. डेपोत सगळे म्हणू लागले, की बघा, चोर आत गेला आणि दगड थांबले. आणखी पुरावा तो काय पाहिजे? प्रवासी पुन्हा येऊ लागले. खाजाभाईनं अन्वरीला हे सांगितलं. ती चुलीतली राख ओढत राहिली.

मग एका दुपारी वळणावर पुन्हा दगड आला. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

आता वस्तीतलेच काहीजण कुजबुजू लागले, की नवऱ्याचा सूड बायको घेतेय. महांतप्पानं आण्णासाहेबांच्या कानावर घातलं, की धुरपदाबाईला खिंडीकडून येताना त्यानं स्वतः पाहिलंय. आण्णासाहेब म्हणाले, बाईमाणसाला पकडून न्यायचं मला बरं वाटत नाही, पण एखादा माणूस मेला तर मी काय सांगू. दोन दिवस बघू, मग फौजदाराला निरोप धाडू.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी उतरवून खाजाभाईनं इंजिन डेपोत सोडलं आणि रुळांवरून चालत वर निघाला. आपण कशाला जातोय, हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. धुरपदाबाईला रंगेहाथ पकडावं असं त्याला वाटत होतं, आणि ती तिथं नसावी असंही. खिंडीच्या तोंडाशी आल्यावर तो कातळाला चिकटून वळण दिसेल असा बसला. ऊन चांगलं तापलं होतं. खिंडीत कुणी आलं नाही.

वरून घंटी ऐकू आली. मग घसरल्यासारखा आवाज झाला, आणि कातळाच्या काठावरून एक दगड सुटून खाली आला, एकदा कातळावर आपटला आणि रुळांच्या मधे जाऊन पडला. मागोमाग माती भुरभुरली. खाजाभाईनं वर बघितलं. काठावर एक बांडी शेळी पुढचे पाय रोवून गवत ओरबाडत होती. तिच्या मागं आणखी पाच-सहा शेळ्या होत्या.

तो बाजूच्या घळीतून धापा टाकत वर चढला. वर गेल्यावर त्याला सगळं दिसलं. खिंड फोडली त्या काळात सुरुंगानं उडवलेला दगड वर काठाला ढीग करून टाकला होता. त्यावर माती बसली, गवत उगवलं, आणि तो ढीग आहे हे सगळे विसरून गेले. जनावरं माळावर चरत होती तोवर तिकडं कुणी फिरकत नव्हतं. माळाला तार आल्यावर हरिबाच्या शेळ्या या ढिगावर आल्या. हरिबा आत गेला, धुरपदाबाईनं शेळ्या दावणीला बांधून ठेवल्या, म्हणून दगड थांबले. चारा संपला, तिनं त्या पुन्हा सोडल्या, आणि दगड पुन्हा पडू लागले.

धुरपदाबाई बरीच लांब, एका सालईच्या झाडाखाली बसली होती. तिथून तिला खिंडीतलं काही दिसत नव्हतं. खाजाभाईला बघून ती उठली आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. त्यानं श्वास घेतला आणि काय पाहिलं ते सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पण तिच्या डोळ्यांत विश्वास नव्हता.

"आता माझ्या तोंडून काय वदवून घ्यायचंय?" ती म्हणाली. "फौजदार खाली उभा हाय का?"

"कुणी न्हाय वैनी. म्या एकटाच आलोय."

ती ढिगाकडं गेली. खाजाभाई लांबच थांबला. तिनं शेळ्यांना हाकारून मागं घेतलं आणि काठाशी वाकून खाली बघितलं. मग पायानं एक दगड जरा हलवून पाहिला. तो सुटला आणि खाली गेला. आवाज ऐकून ती दोन पावलं मागं सरली आणि तिथंच खाली बसली.

खाजाभाईला पुढची गोष्टही सांगणं भाग होतं. घळ चढतानाच ती त्याच्या ध्यानात आली होती. मी हे आण्णासाहेबांना सांगितलं तर हरिबा सुटेल, तो म्हणाला. पण ते इथंही तार घालतील. मग शेळ्यांना जागाच राहणार नाही. माळ गेला, हेही जाईल. न सांगावं तर दगड पडत राहतील आणि कुणीतरी मरेल. त्यानं तिला विचारलं, की आधी दुसरीकडं कुठं चराई मिळते का बघू, मग सांगू का.

धुरपदाबाईनं शेळ्यांकडं बघितलं.

"माणूस घरी आणा," ती म्हणाली. "शेळ्यांचं आमी बघू."

तो निघाला तेव्हा तिनं त्याला थांबवलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. "त्या दिशी हे वर दिसले म्हून सांगितलंत. सांगायच्या आधी आमच्या दारात येऊन विचारायचं हुतं, खाजाभाई. घर काय लांब न्हवतं."

खाजाभाई घळीतून खाली उतरला.

आण्णासाहेबांनी आधी त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं. मैत्रीपोटी रचलेली गोष्ट, असं त्यांना वाटलं. महांतप्पा तर उघड म्हणाला, की खाजाभाई आणि हरिबा आतून एकच आहेत, दोघांनी मिळून हा खेळ मांडलाय. तेव्हा खाजाभाई म्हणाला, की मग मलाही आत घाला, पण आधी वर येऊन बघा. तो कधी असं बोलत नसे. आण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि दुसऱ्या दिवशी ते धोतराचा सोगा खोचून घळ चढले. धुरपदाबाईनं शेळ्या सोडल्या. आण्णासाहेबांच्या देखत दगड सुटला आणि रुळावर जाऊन पडला.

हरिबा सुटला. आण्णासाहेब त्यासाठी स्वतः उस्मानाबादला गेले, एवढं खरं. आणि पुढच्या आठवड्यात खिंडीच्या वरच्या काठाला तार आली, तीही त्यांनीच लावली. ढीग उपसून बाजूला टाकणं संस्थेला झेपणारं नव्हतं. गडी लावून तार ओढणं सोपं होतं. आण्णासाहेबांनी हरिबाला निरोप धाडला, की लाइनीवर पहारेकऱ्याची जागा काढतो, ये. हरिबा गेला नाही. निरोप आणणाऱ्याला त्यानं पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

संक्रांतीच्या सुमाराला हरिबानं धावडमाळ सोडलं. येरमाळ्याच्या पुढं वाशी गावाकडं धुरपदाबाईच्या भावाचं शेत होतं, तिथं चराईला पड जमीन होती. सामान खाली न्यायला खाजाभाईनं मागचा डबा रिकामा ठेवला. हरिबानं कणग्या, भांडी, जातं डब्यात चढवून दिलं. अन्वरीही त्या दिवशी वर आली होती. धुरपदाबाई आणि ती सामानावर शेजारी बसल्या. दोघी वाटभर काय बोलल्या ते खाजाभाईला इंजिनातून ऐकू आलं नाही. डेपोत उतरताना दोघींचे डोळे लाल होते. हरिबा गाडीत बसला नाही. तो शेळ्या घेऊन पायवाटेनं उतरला, आणि डेपोत पोचल्यावर बैलगाडीत सामान भरेपर्यंत खाजाभाईकडं पाठ करून उभा राहिला.

वर्षभरानं खाजाभाई एका कामासाठी वाशीला गेला. बाजाराचा दिवस होता. शेळ्यांच्या बाजारात त्याला हरिबा दिसला, थोडा वाळलेला, डोक्याला नवा पटका. खाजाभाई निघून जाणार होता, पण हरिबानंच त्याला हाक मारली. दोघं हॉटेलाच्या बाकड्यावर बसले. हरिबानं अन्वरीचं विचारलं. गाडीचं विचारलं. गाडी चालू आहे, माणसं येतात, यंदा माळ फार फुलला होता, असं खाजाभाईनं सांगितलं. चहा संपला तरी कुणी उठलं नाही.

"एक खरं सांगशील?" हरिबा म्हणाला. "म्या दगड ठेवतो असं तुला वाटलतं?"

खाजाभाईनं कपाच्या तळाकडं बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं.

"वाटलतं," तो म्हणाला. "आधी न्हाय. तुला नेल्यावर वाटायला लागलं. तसं वाटलं की मला झोप लागायची."

हरिबानं हे ऐकून घेतलं. रागावला असं दिसलं नाही.

"मला वाटलतं, तारेचं तूच त्यांच्या डोक्यात घातलंस," तो म्हणाला. "माळ कुठं हाय, किती हाय, ते त्या वकिलाला कोण सांगणार? अजून मधीच कवा तसं येतं मनात. धुरपदा म्हंती, न्हाय. पण येतं."

"म्या न्हाय सांगितलं, हरिबा."

"व्हय," हरिबा म्हणाला. एवढंच.

खाजाभाईनं बिडीचं बंडल काढलं. हरिबानं त्यातली एक घेतली, पेटवली नाही, कानामागं खोचली. येरमाळ्याची एस.टी. आल्याचं कुणीतरी ओरडलं. हरिबा उठून त्याच्याबरोबर गाडीपर्यंत आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, की पुढच्या खेपेला अन्वरीला घेऊन ये, धुरपदा तिची आठवण काढत असते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हरिबानं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि आपल्या शेळ्यांकडं वळला, कारण गिऱ्हाईक तिथं येऊन थांबलं होतं.

खाजाभाईनं घरी आल्यावर हे सगळं अन्वरीला सांगितलं. हरिबाच्या मनात अजून तसं येतं, तेही सांगितलं. अन्वरी म्हणाली, येऊ दे. आपण माघ महिन्यात जाऊ. तिनं त्याच दिवशी धुरपदाबाईसाठी सुकवलेल्या चिंचेचं गाठोडं बांधायला घेतलं.